उधारी-वसुलीचे प्रमाण कसे काढावे?

वेल्ह्यासारख्या भाताच्या मुलखात बरीच उधारी पीक हाती आल्यावर, हप्त्याहप्त्याने फिटते. त्यामुळे दुकानदार उधारीची एक व वसुलीची दुसरी, अशा दोन वह्या ठेवतो. संगणकावर याच वह्यांचे दोन तक्ते होतात आणि खाते क्रमांकाने ते जोडता येतात. घोटाळा होतो तो येथेच.

समजा, एका शेतकऱ्याने ४,००० रुपयांचा माल नेला व १,००० रुपयांचे दोन हप्ते भरले. तक्ते तसेच जोडले तर प्रत्येक हप्त्यासमोर ४,००० चा आकडा पुन्हा येतो. उधारी ८,००० दिसते, वसुली २,००० आणि प्रमाण २५ टक्के. खरे प्रमाण ५० टक्के आहे. म्हणजे जो अधिक वेळा पैसे आणून देतो, तोच बुडवा ठरतो!

म्हणून व्यापारी बांधवांना आम्ही सुचवतो की, आधी दोन्ही तक्त्यांची खातेवार बेरीज वेगवेगळी करावी, मग तक्ते जोडावेत आणि शेवटी भागाकार करावा. जोडताना उधारीचा तक्ता मूळ धरावा. नाहीतर ज्याने एकही हप्ता दिला नाही त्याचे नाव गळून जाते. साऱ्या दुकानाचे प्रमाण हवे असल्यास एकूण वसुलीला एकूण उधारीने भागावे. टक्क्यांची सरासरी काढू नये. कोणाची उधारी बंद करण्यापूर्वी एवढे अवश्य तपासावे.