नवजाताची मात्रा आणि काळाचे माप

‘मात्रा’ हा शब्द मोजणे ह्या अर्थाच्या ‘मा’ धातूपासून झालेला असून मराठीत तो निरनिराळ्या क्षेत्रांत रूढ झाला आहे. लिपीत तो अक्षरावरील एका चिन्हाचे नाव आहे, छंदःशास्त्रात उच्चारकालाचे एकक, तर वैद्यकात औषधाचे परिमाण. हेमगर्भाची मात्रा म्हणताना तर ते औषधच. छंदातील मात्रा कालवाचक आणि औषधातील द्रव्यवाचक, असा भेद सामान्यतः मानला जातो. नवजात अर्भकास प्रतिजैविक देताना मात्र हा भेद टिकत नाही. तेथे मात्रेचा निम्मा अर्थ काळाचाच असतो.

बाळगुटी उगाळताना सहाणेवरील वेढे मोजण्याची आणि मुलाच्या वयाबरोबर ते वाढवीत नेण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. लहान देहास लहान माप, हे तिच्यामागचे गृहीत. आधुनिक वैद्यकानेही वजनाच्या हिशेबावर दीर्घकाळ असाच भरवसा ठेवला होता. त्या हिशेबातील उणीव क्लोरॅम्फेनिकॉलने उघड केली. संसर्गाचा धोका असलेल्या अकालजात अर्भकांना हे औषध प्रतिबंधक म्हणूनही दिले जाई. १९५९ साली बर्न्स, हॉजमन आणि कॅस ह्यांनी लॉस एंजिलिस येथील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या अकालजात अर्भकांना हे औषध मिळाले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक दगावली होती. ज्यांना कोणतेच प्रतिजैविक मिळाले नव्हते त्यांच्यातील प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. पोट फुगणे, उलट्या, त्वचेवर राखी छटा आणि अखेर रक्ताभिसरण कोसळणे, असा ह्या विषबाधेचा क्रम असे. कारण असे की, हे औषध निष्प्रभ करणारे यकृतातील विकर जन्मतः अपुरे असते आणि मूत्रपिंडेही मंदगतीने काम करतात. पहिली मात्रा शरीरातून जाण्यापूर्वीच दुसरी येऊन तिच्यावर साठत गेली.

तेव्हा नवजातास सर्वच औषधे कमी द्यावीत काय? तसेही नव्हे. जेंटामायसिन हे आज नवजातांच्या संसर्गावर सर्रास वापरले जाणारे प्रतिजैविक पेशींबाहेरील पाण्यात पसरते आणि वजनाच्या मानाने असे पाणी नवजातात प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून प्रतिकिलो मात्रा फार कमी केल्यास ते जंतूंना पुरे पडत नाही. उलट मूत्रपिंडे अपक्व असल्याने ते बाहेर पडण्यास विलंब लागतो. ह्यावरील तोड म्हणजे मात्रा पुरेशी ठेवणे आणि अंतर वाढविणे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत जन्मानंतर लगेचच्या संसर्गासाठी आरंभी दर किलोस ५ मिलिग्रॅम, दर ३६ तासांनी, असे प्रमाण दिलेले आहे. दुसऱ्या मात्रेच्या अगदी आधी रक्त तपासून औषधाची तळपातळी पाहतात. ती लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली असावी लागते; तीनहून अधिक मात्रा झाल्यास १ च्या खाली. ती उतरली नसेल तर सामान्यतः मात्रा न घटविता अंतर वाढविले जाते.

तळपातळी चढीच राहिल्यास मूत्रपिंडांना आणि अंतःकर्णातील रोमपेशींना इजा पोहोचते. मूत्रपिंडे बहुधा सावरतात. रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत. ज्या मुलास भाषा अजून यावयाची आहे त्याच्या बाबतीत ही हानी केवळ श्रवणाची राहत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. तथापि तपासणीसुद्धा हवी तितकी करता येत नाही. एक किलो वजनाच्या अर्भकाचे एकूण रक्त जेमतेम ८० ते ९० मिलिलिटर असते. त्यामुळे घेतलेला प्रत्येक थेंब उपयोगी पडावा लागतो. मात्रा केव्हा दिली आणि रक्त केव्हा घेतले ह्या दोन वेळांची नोंद नसेल, तर प्रयोगशाळेने कळविलेला आकडा निरर्थक ठरतो.

‘दिवसातून एकदा’ म्हणजे २४ तास आणि ‘दिवसाआड’ म्हणजे ४८. ३६ तासांस बोलीत तयार शब्द नाही. सोमवारी सकाळी आठला दिलेली मात्रा मंगळवारी रात्री आठला आणि पुढे गुरुवारी सकाळी आठला येते. ‘आठ वाजता’ एवढेच लिहिले तर बारा तासांची चूक सहज होते. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २०१० साली नवजातांच्या जेंटामायसिनविषयी सूचना काढताना २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहिण्यास आणि तक्त्यातील न वापरावयाच्या वेळांचे रकाने आधीच बंद करण्यास सांगितले, ते ह्याच कारणाने. ‘प्रतिकिलो’च्या पुढे ‘दर दिवशी’ की ‘दर वेळी’ हे न लिहिणे, हा असाच दुसरा सापळा.

दशांशचिन्ह तर ह्याहून घातक. १.२ किलो वजनाच्या अर्भकास प्रतिकिलो ५ प्रमाणे ६ मिलिग्रॅम लागतात. भारतात सर्वत्र मिळणाऱ्या जेंटामायसिनच्या कुपीत दर मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम औषध असते; म्हणजे हवे ते ०.१५ मिलिलिटर. टिंब एक घर सरकले तर १.५ मिलिलिटर होतात आणि तेवढे औषधही त्याच दोन मिलिलिटरच्या कुपीत असते. दुसरी कुपी फोडावी लागली असती तर हात थबकला असता.