बिलोलीत पहिलं घर घेताय? मुद्रांक शुल्काची सवलत कुणाला मिळते?

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात सूट, असा नियम इंग्लंडमध्ये आहे. महाराष्ट्रात सरसकट तसा नाही. इथे सवलत आहे ती महिलांना: १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त महिलेच्या नावे घेतलं, तर शुल्क १ टक्क्याने कमी. खरेदीखतात नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत गेली. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली.

समजा, बिलोलीत घर १८ लाखांना ठरलं, पण रेडी रेकनरने किंमत २० लाख निघाली. शुल्क २० लाखांवरच लागणार. म्हणजे बायकोच्या नावे घेतल्यास २० हजार वाचतात. (कागदावर किंमत कमी दाखवून काही साधत नाही, ते वेगळंच.) नोंदणी फी आणखी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

मात्र हप्ते नवरा भरणार असेल तर थांबा. मालकीत नाव नसेल, तर गृहकर्जाची आयकर वजावट त्याला मिळत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर इसार देण्याआधीच हा हिशेब मांडा. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीतले दर वेगळे असू शकतात, तेही दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.