जुन्या लॅपटॉपचा घसारा

व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या संगणकावर आयकराच्या नियमांनुसार दरवर्षी ४० टक्के घसारा धरला जातो, आणि तोही घटत्या शिलकेवर. त्या हिशेबाने ५०,००० रुपयांना घेतलेल्या लॅपटॉपची पुस्तकी किंमत पाच वर्षांनी ३,८८८ रुपये उरते. वहीतला हिशेब तेथे संपतो. घरातला माणूस मात्र त्याच यंत्रासमोर बसलेला असतो. दुकानाचे दहा वर्षांचे टॅलीतील हिशेब, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, मुदत ठेवींच्या पावत्यांच्या प्रती, सारे त्यातच असते. आणि ते यंत्र सुरू व्हायला चहाचे आधण उकळण्याइतका वेळ घेते. परगावी असलेली मुले दूरध्वनीवरून एकच सल्ला देतात, "बाबा, आता नवीन घेऊन टाका." सल्ला चुकीचाच असतो असे नाही, पण तो बहुधा यंत्राची तपासणी न करता दिलेला असतो.

साधारण २०१३ ते २०१७ या काळात घरगुती वापरासाठी विकल्या गेलेल्या बहुसंख्य लॅपटॉपांत ४ जीबी मेमरी आणि ५०० जीबी किंवा १ टीबीची फिरती हार्ड डिस्क असे. यंत्र मंदावले की दोष प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, संकेतस्थळे पाहणे, व्हिडिओवर नातवंडांशी बोलणे एवढ्या कामाला त्या काळचा मध्यम दर्जाचा प्रोसेसर आजही बऱ्यापैकी पुरतो. खोळंबा होतो तो अन्यत्र.

बँकेच्या शाखेचे उदाहरण घेतले तर हे चटकन उमगते. प्रोसेसर हा काम करणारा लिपिक, मेमरी म्हणजे त्याचे टेबल, आणि हार्ड डिस्क म्हणजे तळघरातली रेकॉर्ड रूम. लिपिक कितीही चलाख असला तरी टेबल वीतभर असेल तर तीन फायली मांडल्यावर चौथीसाठी पहिली तळघरात पाठवावी लागते, आणि ग्राहकाने पहिलीबद्दल विचारले की पुन्हा शिपायाला खाली धाडावे लागते. मेमरी अपुरी पडली की विंडोज नेमके हेच करते. मेमरीत न मावणारा मजकूर डिस्कवर उतरवते आणि गरज पडली की परत आणते.

आता त्या शिपायाची चाल पाहू. लॅपटॉपमधील बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ. अशा रीतीने विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साठ-सत्तरच्या घरात वाचून होतात. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान नोंदी लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. तीत तीच कामे सेकंदाला हजारोंनी होतात. म्हणूनच डिस्क बदलल्यावर जुने यंत्र एकदम तरणे झाल्यासारखे वाटते. यात जाहिरातीची अतिशयोक्ती नाही.

खर्च करण्यापूर्वी रोगाचे निदान घरीच करता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवून त्यातील 'परफॉर्मन्स' हा भाग दहा मिनिटे पाहावा. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ आणि प्रोसेसरचा वीस-तीसवर असेल, तर दोष कोणाचा हे सांगायला तंत्रज्ञ नको. मेमरीवर टिचकी मारली की एकूण किती, वापरात किती, तिचा वेग काय आणि दोनपैकी किती खाचा भरलेल्या आहेत, हेही दिसते. 'दोनपैकी एक' असे आले तर ती आनंदाची गोष्ट. जुनी पट्टी न काढता शेजारी दुसरी बसवता येण्याची शक्यता असते. एकाच आकाराच्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकदम माल उचलतो, हा वर फायदा.

दोन्हींसाठी पैसे नसतील तर प्रथम एसएसडी घ्यावी. दुकानदार बरेचदा आधी मेमरी वाढवायला सुचवतो, कारण ते काम पाच मिनिटांचे असते. पण फिरती डिस्क तशीच ठेवून टेबल मोठे केल्याने रेकॉर्ड रूमचा जिना लहान होत नाही. मेमरी केवळ २ जीबी असेल तर मात्र दोन्ही बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. आणखी एक बारकावा येथे नोंदवण्याजोगा आहे. काही जुन्या यंत्रांत ३२ बिटांची विंडोज बसवलेली असते. घरगुती विंडोजची ती आवृत्ती ४ जीबीपलीकडची मेमरी वापरूच शकत नाही. तेथे ८ जीबी बसवणे म्हणजे बंद खात्यात रक्कम भरणे. आधी ६४ बिटांची विंडोज, मग मेमरी.

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती मेमरीच्या जातीवरून. लॅपटॉपची पट्टी मेजावरच्या संगणकाच्या पट्टीपेक्षा आखूड असते, आणि तिच्याही पिढ्या आहेत. डीडीआर ३ ची पट्टी २०४ टोकांची, डीडीआर ४ ची २६० टोकांची. मधला काप वेगळ्या जागी असल्याने एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. जोर लावून बसवू पाहणाऱ्याची खाच तेवढी मोडते. यापेक्षा फसवा भेद डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल यांतला. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्ही त्याच खाचेत बसतात. पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपांना एल अक्षराचीच पट्टी लागते. साधी बसवली तर पडदा काळाच राहतो आणि यंत्र बिघडले असा समज होऊन घरात घबराट पसरते. त्यामुळे बाजारात जाताना जुन्या पट्टीवरील लेबलचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलमध्ये असावे, किंवा सरळ ती पट्टीच खिशात असावी. यंत्र जास्तीत जास्त किती मेमरी स्वीकारते हे त्या मॉडेलच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकात पाहावे.

काही लॅपटॉपांत मेमरी मुख्य बोर्डावर कायमची डाख देऊन जोडलेली असते. तेथे वाढ नाही. जून २०१२ मध्ये ॲपलने एकाच दिवशी मॅकबुक प्रोची दोन रूपे सादर केली. जुन्या बांधणीच्या रूपात मेमरीच्या दोन खाचा आणि काढता येणारी डिस्क होती; रेटिना पडद्याच्या सडपातळ रूपात मेमरी बोर्डावरच जोडलेली होती. जाडजूड म्हणून मागे पडलेल्या पहिल्या रूपात पुढे अनेकांनी स्वतःच्या हातांनी मेमरी आणि एसएसडी बसवली, आणि ती यंत्रे वर्षानुवर्षे चालली. सडपातळपणाची किंमत पावतीवर छापलेली नसते.

एसएसडीच्या निवडीत गुंतागुंत कमी आहे. जुन्या यंत्रात हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. तिची जाडी साधारणतः ७ मिलिमीटर असते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर फट भरायला प्लास्टिकची पातळ चौकट लावतात. साटाच्या तिसऱ्या आवृत्तीत सेकंदाला सुमारे ५५० एमबीचा वेग मिळतो. थोड्या नव्या यंत्रांत एम.२ नावाची लहान खाच असते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, आणि एकाची खाच दुसऱ्याची एसएसडी ओळखेलच असे नाही. घरगुती वापराला २५६ जीबी बहुधा पुरते, छायाचित्रे फार असतील तर ५१२ घ्यावी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांत हे सुटे भाग सहज मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता दुरुस्तीची दुकाने आहेत. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी दर विचारूनच सौदा करावा. वापरलेली डीडीआर ३ ची पट्टी घेण्यात फारसा धोका नाही, कारण मेमरी झिजत नाही. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नये, तिच्या लेखनाचे आयुष्य मर्यादित असते. पक्के बिल घ्यावे. भागाचा अनुक्रमांक बिलावर नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

यंत्र उघडण्याआधी सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढलेली असावी. या एका गोष्टीबाबत घाई करणारा तंत्रज्ञ असेल तर दुकान बदलावे. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे घरात एकालाच ठाऊक असते, आणि तो माणूस नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो. काही लॅपटॉपांत डिस्क सांकेतिक कुलूप लावून ठेवलेली असते. तेथे बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्यावी. नाहीतर मालक स्वतःच्याच तिजोरीबाहेर उभा राहतो. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्य बोर्डाशी बांधलेला असल्याने डिस्क बदलली म्हणून तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. त्यासाठी कोणी निराळे पैसे मागितले तर स्पष्ट नकार द्यावा. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरवता येते. तरीही कोरी विंडोज बसवून मग केवळ आपली कागदपत्रे आणणे श्रेयस्कर. वर्षानुवर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

प्रत्यक्ष जोडणी अवघड नाही. चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर काढावी, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरू द्यावी आणि धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवावी. काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडावेत. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर बोर्ड जखमी होतो. मेमरीची पट्टी तिरकी सारून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' असा आवाज करतात. ज्याची नजर किंवा हात साथ देत नाही त्याने हे काम दुकानात, पण स्वतः समोर बसून करून घ्यावे.

यंत्र उघडलेच आहे तर पंखा साफ करावा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, ती वेड्यासारखी फिरू देऊ नयेत. आठ-दहा वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळते. ती नवी लावली की उन्हाळ्यात यंत्र कमी तापते. बॅटरीविषयी मात्र गंभीर राहावे. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर त्याच दिवशी थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये. प्रोसेसर बदलण्याचा विचार कोणी सुचवला तर तो सोडून द्यावा. बहुतेक यंत्रांत तो बोर्डालाच जोडलेला असतो.

आता मर्यादेचा प्रश्न. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. कितीही मेमरी घातली तरी ही अट पूर्ण होत नाही. म्हणून २०१५ च्या लॅपटॉपवर खर्च करणाऱ्याने आधी ठरवावे, की त्यावर बँकेचे व्यवहार होणार आहेत का? होणार असतील तर आधार संपलेल्या विंडोजवर ते करू नयेत. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा एक मार्ग आहे; तीवर फायरफॉक्स चालतो, लिब्रे ऑफिसमध्ये पत्रे व हिशेब होतात, मराठीही लिहिता येते. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेले आहे, हे दुकानदारांनी ध्यानात घ्यावे.

खर्चाची मर्यादाही आखून घेतलेली बरी. एसएसडी, मेमरी, बॅटरी आणि मजुरी यांची बेरीज त्याच कामाला पुरेल अशा, आठव्या पिढीच्या पुढच्या, चांगल्या वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून वर जाऊ लागली, की थांबावे. एकट्या एसएसडीत भागत असेल तर फारसा विचार करू नये.

यानंतर राहते ती काढलेली हार्ड डिस्क. लोक ती खणात टाकतात, किंवा दुकानातच सोडून येतात. तीत पॅन आणि आधारच्या प्रती, पासबुके, सह्यांची चित्रे असतात. फाइल पुसल्याने ती खरोखर पुसली जात नाही. चालू स्थितीतली डिस्क यूएसबीच्या पेटीत बसवली की कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवायला उत्तम. कोणाला द्यायची असेल तर 'क्विक' ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, त्यात संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. ५०० जीबीला काही तास लागतात, ते लागू द्यावेत. बंद पडलेली असेल तर आतल्या तबकड्या फोडून घेऊन उरलेला भाग भंगारवाल्याकडे नव्हे, तर ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा. फुगलेली बॅटरीही तेथेच न्यावी.