खंदक वाचवायचा तर पाणी वाचवा

सफोक, एसेक्स, वॉरिकशरच्या चिकणमातीच्या शिवारात एखादा रुंद, चौकोनी चर आढळतो. कुठे त्यात पाणी असते, कुठे नुसता ओलसर गाळ. मधोमध गवताळ सपाट जागा. इंग्लंडमध्ये अशा मध्ययुगीन खंदकवेढ्या जागा सुमारे ६००० आहेत आणि बहुतेक १२५० ते १३५० या काळात खणलेल्या आहेत. सैन्य थोपवण्याइतके बळ त्यांत नव्हते. छोट्या जमीनदारांनी आणि सधन शेतकऱ्यांनी घराभोवती खंदक खणले, ते मुख्यतः प्रतिष्ठेसाठी. चोरांपासून बचाव आणि माशांची सोय हे वरचे लाभ. राजेरजवाड्यांच्या खालच्या थरातल्या कुटुंबांचा इतिहास या जागांनी जपला आहे.

तो जपला जातो गाळात. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून लाकूड, चामडे, बिया, परागकण शतकानुशतके टिकतात. पुलाच्या तुळईवर सालीलगतचा भाग उरला असेल, तर वर्तुळांवरून झाड तोडल्याचे वर्षही सांगता येते. यांतल्या अनेक जागांना १९७९च्या प्राचीन स्मारक कायद्याचे संरक्षण आहे. तिथे खणणे, भराव टाकणे यासाठी सरकारची संमती लागते. धातुशोधक यंत्र वापरायलाही परवाना लागतो. पण कायद्याची हद्द नकाशावर असते आणि भूजल ती पाळत नाही. हद्दीबाहेरच्या शेतात खोल निचरा केला की पातळी उतरते, गाळात हवा शिरते आणि वरून चर जसाच्या तसा दिसत असताना आतले लाकूड कुजते. म्हणजे राखायला हवी ती पाण्याची पातळी, आणि तिच्यावरच कायद्याची पकड सर्वांत सैल आहे.

चिकणमातीत निचरा नसेल तर पीक बुडते, ही शेतकऱ्याची हरकत रास्त आहे. म्हणूनच इथे बंदीपेक्षा मोबदला योग्य ठरतो, आणि पुरातन अवशेषांसाठी पाणी उंच राखणाऱ्याला अनुदान देण्याची तरतूद इंग्लंडच्या शेती-पर्यावरण योजनांत झालेली आहे. दुसरी हरकत अशी, की हजारो खंदकांपैकी मोजके ठेवून बाकीचे उत्खनन करून मोकळे करावेत. परंतु उत्खनन म्हणजे पुरावा एकदाच वाचून संपवणे. उद्याची साधने त्याच गाळातून अधिक काढू शकतील. शिवाय गरीब-श्रीमंत, कोरड्या-ओल्या प्रदेशांची तुलना मोजक्या नमुन्यांवर उभी राहत नाही. तेव्हा प्रत्येक संरक्षित खंदकाच्या नोंदीत हद्दीइतकीच भूजलाची पातळीही लिहिली जावी, ती नियमित मोजली जावी आणि ती घसरू लागताच शेजारच्या शेतकऱ्याशी बोलणी सुरू व्हावीत.