शाबूत मुद्दल

सोलापुरांतील एका लहानशा वाचनालयाचें कोषाध्यक्षपद आम्हीं बरीच वर्षें सांभाळलें. वार्षिक सभेंत ‘कायम निधि शाबूत’ एवढें वाचलें कीं सभासद समाधानानें मान डोलावीत. त्याच सुमारास मासिकें मात्र एकामागून एक बंद करावीं लागत होतीं.

हा प्रकार नीट समजावा म्हणून आपल्याच गांवचें एक मोठें दान पाहूं. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनीं १९४१ सालीं नाशिकजवळ गजपंथ येथें विद्वानांस एकत्र जमवून जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापिला व त्यास ३०,००० रुपये दिले. पुढें १९४४ सालीं सुमारें २ लाखांची आपली सारी मिळकत त्यांनीं विश्वस्तनिधि म्हणून संघास अर्पण केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेंत ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हीरालाल जैन यांनीं संपादिला. पहिला भाग १९४३ सालीं व दुसरा १९५१ सालीं निघाला. (प्राकृतास नाक मुरडणाऱ्या आमच्यासारख्यांनीं तो फार उशिरां उघडला, हेंही कबूल केलेलें बरें.)

आतां निव्वळ गणित करूं. २ लाखांवर दरसाल दरशेकडा ५ प्रमाणें व्याज १०,००० रुपये. १९४४ सालीं ती रक्कम भारी होती. आज तींत एका कारकुनाचा महिनाही निभत नाहीं. छापलेल्या ग्रंथांस मात्र अशी घट लागली नाहीं. दानाचा पैसा वेळेवर कामीं लावणारा दाता आम्हांस म्हणूनच दूरदर्शी वाटतो.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें हिशेबतपासणी आवश्यक केली, आणि तें योग्यच झालें. पण तपासनीस बेरीज पाहतो. रुपया झिजला हें त्याच्या शेऱ्यांत येत नाहीं.

आमची चूक निराळी. १९९५ च्या सुमारास ठेवींवर बारा टक्के व्याज येई. तें सारें आम्हीं खर्चून टाकलें, कपाटेंसुद्धां घेतलीं! एका वृद्ध बाईंनीं पतीच्या स्मरणार्थ संस्कृताच्या पारितोषिकासाठीं १,००० रुपये ठेविले होते. तेव्हां व्याजांत शब्दकोश येई. आतां सत्तर रुपये येतात, आणि उरलेली रक्कम कोणीतरी गुपचूप भरतो.

येत्या सभेंत व्याजाचा चौथा हिस्सा दरसाल मुद्दलांत मिळवावा, असा ठराव आम्ही मांडणार आहों. त्यापायीं आणखी दोन मासिकें बंद होतील. त्यांतलें एक आम्ही स्वतःच वाचतों.