चौरस फुटाच्या दरामागचा मजकूर

कोल्हापुरात स्वतःचे घर बांधावयास निघालेला गृहस्थ, मग त्याची जागा पाचगावच्या माळावर असो की पंचगंगेच्या बाजूच्या काळ्या रानात, मक्तेदारासमोर बसताच पहिला प्रश्न विचारतो तो ‘स्क्वेअर फुटाला काय दर?’ हाच, आणि पुष्कळदा जागेवर एकही खड्डा खणलेला नसताना, वास्तुविशारदाचा नकाशा पुरा झालेला नसताना व आरसीसीचे नकाशे तर कोणी हातीही घेतलेले नसताना त्याला उत्तर मिळते. अशी तीन-चार दरपत्रके जमली की त्यांतील सर्वांत लहान आकड्याभोवती कुटुंबाच्या आयुष्यभराच्या शिलकीची आणि बँकेच्या कर्जाची मांडणी सुरू होते. पुढे काम निम्म्यावर आले असता ‘हे आपल्या दरात धरलेले नव्हते’ असे मक्तेदार सांगतो, आणि मालक त्याला लबाड ठरवून मोकळा होतो. माझे स्पष्ट मत असे की, या तंट्यांपैकी बहुतेकांचे मूळ त्या पहिल्या प्रश्नाच्या अपुरेपणात असते. ज्या कामाचा तपशीलच ठरलेला नाही, त्याचा दर प्रामाणिक मनुष्यालाही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

प्रथम तो चौरस फूट कोणता, हेच पाहावे. घरात प्रत्यक्ष वापरावयास मिळणारे चटईक्षेत्र, भिंतींसह धरलेले बांधीव क्षेत्र, आणि पोर्च, गॅलरी, जिन्यावरची कॅप व बाहेर काढलेले छज्जे यांसह मोजलेले स्लॅबचे क्षेत्र, हे तीन निरनिराळे आकडे होत, आणि मक्तेदार सामान्यतः यांतील शेवटचा धरतो. समजा, एकाने 2,000 रुपये दर सांगितला व सर्व स्लॅब पूर्ण मोजून क्षेत्र 1,400 चौरस फूट धरले, तर बेरीज 28 लाख होते. दुसऱ्याने 2,150 रुपये सांगितले, परंतु पोर्च व कॅप निम्मी मोजून क्षेत्र 1,250 फूट धरले, तर त्याची रक्कम 26 लाख 87 हजार 500 भरते. दराने महाग दिसणारा मनुष्य येथे लाखाहून अधिक स्वस्त आहे, आणि मोजणीची रीत दरपत्रकात लिहिलेली नसेल तर ही गोष्ट अखेरचे बिल येईपर्यंत मालकाच्या ध्यानात येत नाही. तपशीलवार बाबींचे दरपत्रक असेल तर मोजमाप भारतीय मानक 1200 प्रमाणे होईल, एवढे एक वाक्य त्यात घालून घ्यावे. दारा-खिडक्यांची वजावट गिलाव्यातून केव्हा व किती करावयाची, इथपर्यंतचे नियम त्या मानकात आहेत.

परंतु सर्वांत मोठी न लिहिलेली बाब जमिनीच्या पोटात असते. आपल्या शहराच्या उंच भागांत थोडे खणले की मुरूम लागतो. नदीकडच्या सखल भागांत मात्र काळी माती खोल गेलेली असते, आणि ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून तिच्यावर पाया टेकवून चालत नाही. ती संपेपर्यंत खाली जावेच लागते. दरपत्रकात ‘पायाची खोली 5 फुटांपर्यंत’ असे एक लहानसे कलम बहुधा असतेच. आता बारा खांबांच्या घरात, प्रत्येकी 5 फूट लांब व तितक्याच रुंद खड्ड्यांना कठीण थर 9 फुटांवर लागला, तर खोदाईच 1,200 घनफुटांनी, म्हणजे 12 ब्रासनी वाढते. खणलेली माती सैल होऊन साधारण चौथाईने फुगत असल्यामुळे हलवावयाचा ढीग 15 ब्रासांचा होतो. त्याशिवाय खांबांची वाढलेली उंची, तिचे काँक्रीट, लोखंड आणि सेंट्रिंग. ही सर्व रक्कम ‘जादा काम’ या सदरात जाते आणि तिचा दर त्या वेळी, म्हणजे खड्डे उघडे व मालक अगतिक असताना, ठरतो. याला उपाय सोपा आहे: दर मागण्याआधी जागेत दोन-तीन चाचणीचे खड्डे घ्यावेत, आणि ठरलेल्या खोलीखाली प्रत्येक फुटाला काय आकार पडेल, हे दरपत्रकातच मागावे.

याच्याच जोडीला जोत्याची उंची येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानली जाते. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले, आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून नागाळा पार्कापर्यंतच्या लोकांनी ते घरात घेतले. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदीच आहे. निळ्या व तांबड्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंधांसह परवानगी मिळते, तेव्हा जागा कोठे पडते हे पालिकेच्या नकाशावर पाहून मगच मक्तेदाराकडे जावे. दरपत्रकातील जोते बहुधा 2 फुटांचे असते. ते आणखी 2 फुटांनी उंचवावयाचे, तर हजार चौरस फुटांच्या घराला दाबून बसलेला असा सुमारे 20 ब्रास मुरूम लागतो, आणि दाबून 20 ब्रास भरावयाचा म्हणजे आणताना त्याहून अधिक आणावा लागतो. भराव दरात आहे की नाही, हा प्रश्न या शहरात तरी कोणी विसरू नये.

लोखंडाविषयी मला अधिक आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ते एकदा काँक्रीटमध्ये गेले की दिसत नाही. चौरस फुटामागे साडेतीन ते चार किलो असा ढोबळ अंदाज बाजारात चालतो, आणि त्यावरच दर बेतलेला असतो. परंतु 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हादरलेल्या या टापूत किती सळई, कोणत्या व्यासाची आणि कड्या किती अंतरावर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशाने ठरावे, बाजारच्या अंदाजाने नव्हे. नकाशा दरपत्रकानंतर आला आणि वजन वाढले, तर वाढीव पैसे मागणारा मक्तेदार चुकत नाही. न मागता सळई कमी घालणारा मात्र घातक ठरतो.

मालाच्या वर्णनात ‘वा तत्सम’ हे दोन शब्द जेथे येतील तेथे थांबावे. फरशीचा मूळ दर चौरस फुटास 50 रुपये धरला असेल आणि घरातल्या मंडळींनी दुकानात 90 रुपयांची पसंत केली, तर फरक मालकाचा, हे न्याय्यच आहे. पण 50 हा आकडाच लिहिलेला नसेल तर फरक कशापासून मोजणार? सिमेंटचा प्रकार, नदीची वाळू की क्रश सँड, बाहेरची भिंत सहा इंची की नऊ इंची, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे की नुसता सिमेंटचा थर, विजेचे पॉइंट एकूण किती, या सर्व गोष्टी अशाच आकड्यांत मागाव्यात.

आणि मग जे बहुधा दरात नसतेच, ते: कंपाउंडची भिंत व गेट, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची जोडणी, बोअर, पंखे-दिवे, स्वयंपाकघरातील कपाटे, बांधकामासाठी लागणारे पाणी व तात्पुरती वीज. शासकीय देणी त्याहून वेगळी. पालिकेचे विकास शुल्क, कामगार कल्याण उपकर, महावितरणची अनामत, जोते तपासणीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचा खर्च, ही मालकाचीच असतात. मालासह घेतलेल्या मक्त्यावर नोंदणीकृत मक्तेदार 18 टक्के वस्तू व सेवा कर लावतो. वरच्या 28 लाखांवर तो 5 लाख 4 हजार होतो, आणि ‘कर वेगळा’ एवढी एकच ओळ दरपत्रकाच्या तळाशी असते. याउलट स्वतःच्या एकट्या घरासाठी केवळ मजुरीचा करार केला तर त्या मजुरीवर हा कर लागत नाही. परंतु तेव्हा माल आणणे, त्याची राखण करणे आणि वाया गेलेल्याचा हिशेब ठेवणे मालकाच्या शिरावर येते, आणि ज्याला रोज साइटवर जाता येत नाही त्याने ती तसदी घेऊ नये असे मला वाटते.

स्वतःच्या जागेवर एकटे घर बांधणाऱ्याला सदनिका घेणाऱ्याप्रमाणे महारेराचे संरक्षण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा समावेश आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पण तेथेही पहिला प्रश्न लेखी काय ठरले होते हाच असतो. म्हणून दरपत्रक, नकाशे आणि मोजणीची रीत ही करारनाम्याला जोडून दोघांनी प्रत्येक पानावर सही करावी, हप्ते तारखांना न बांधता जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा पुऱ्या झालेल्या टप्प्यांना बांधावेत, आणि एकूण रकमेचे 5 टक्के तरी एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवावेत, कारण गच्ची व भिंती गळतात की नाही हे आमच्याकडचा आषाढ-श्रावण गेल्याशिवाय कळत नाही. ही अनामत किती, ती कोणत्या तारखेस परत करावयाची आणि कोणत्या दोषांपोटी कापता येईल, हेही त्याच करारनाम्यात लिहिलेले असावे.