ओट्याची उंची

वडिलांच्या पश्चात त्यांच्या दफ्तराची आवराआवर करताना १९७३ सालची जमाखर्चाची एक लांबट वही हाती लागली, आणि तिच्या मधल्या पानांवर ‘सागवान जुने, फळ्या सात, खिळे, फेव्हिकॉल, पॉलिशसाठी लाख व स्पिरिट, मिस्त्री, १९ रोज, चहा व किरकोळ’ अशा नोंदींच्या खाली पेन्सिलीने काढलेला आमच्या स्वयंपाकघराचा वाकडातिकडा आराखडा दिसला, तेव्हा ध्यानात आले की घर आपल्या अकलेने सजवावे की जाणत्या सजावटकाराच्या स्वाधीन करावे, हा जो प्रश्न हल्ली घर घेणाऱ्या प्रत्येक जोडप्यासमोर उभा राहतो, तो आमच्या घराने गेल्या साठ वर्षांत एकाहून अधिक वेळा सोडवला आहे आणि प्रत्येक वेळी कोठे ना कोठे चुकवलाही आहे.

आरंभी आम्ही पुण्यात शनिवार पेठेतील एका वाड्यात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत असू. तेथे सजावट हा शब्द कोणी उच्चारल्याचे मला स्मरत नाही. आणि त्याचे कारण जसे आमचे बेताचे उत्पन्न हे होते, तसेच हेही होते की हातभर जाडीच्या भिंतींतले कोनाडे, दिवळ्या, फडताळे आणि खुंट्या यांची योजना वाडा बांधणाऱ्याने कित्येक पिढ्यांपूर्वीच करून ठेवली असल्यामुळे चिमणीपासून पोथीपर्यंत प्रत्येक वस्तूचा मुक्काम मुक्रर झालेला होता, व भाडेकरूच्या रसिकतेला मोकळा राहिला होता तो केवळ तसबिरींचा प्रांत. १८९४ साली मुंबईस सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीस हलवलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आमच्या भिंतीवर होती. घराला शोभा यावी म्हणून आमच्या घराण्याने पैसे मोजून घेतलेली ती पहिली वस्तू असावी, आणि तीही देवाच्या नावावर घेतली, म्हणून कोणी हिशेब विचारला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठांतून जो हाहाकार केला, त्यात मातीच्या भिंतींबरोबर ते कोनाडे, त्या दिवळ्या आणि ती लक्ष्मीही गेली. पाणी ओसरल्यावर आमच्या हाती लागले ते एक पितळी घंगाळ, कारण ते जड होते, आणि एक सागवानी पाट, कारण तो तरंगला.

येथे पुण्याबाहेर थोडी नजर टाकली पाहिजे. मुंबईस या विषयाला तोंड फार आधी फुटले होते. १९३७ साली तेथील वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घरा’चे प्रदर्शन भरवून, दिवाणखाना कसा असावा, स्वयंपाकघर कसे असावे, दिवे कोठे असावेत, हे नमुन्यादाखल मांडून दाखवले होते, आणि मरीन ड्राइव्हवर त्याच काळात उभ्या राहणाऱ्या गोलाईदार इमारतींतील श्रीमंत गृहस्थांनी त्यापासून धडाही घेतला असेल. तथापि चाळीत किंवा वाड्यात राहणाऱ्या मध्यमवर्गाचा या शास्त्राशी संबंध येण्यास भिंतींवर मालकी यावी लागते, आणि ती मालकी १९६३ च्या सदनिकाविषयक कायद्यानंतर, हप्त्याहप्त्याने, आमच्यासारख्यांच्या वाट्यास आली. भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाची परवानगी लागे. स्वतःच्या भिंतीत तो चुकीच्या जागी ठोकण्याचेही स्वातंत्र्य मिळाले.

ते स्वातंत्र्य वडिलांनी १९७३ साली एरंडवण्यात घेतलेल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या जागेत यथेच्छ उपभोगले. पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे लाकूड त्या काळी स्वस्तात मिळे. वडिलांनी शंभर वर्षे मुरलेल्या तुळया विकत घेतल्या, त्या वखारीत नेऊन चिरून आणवल्या आणि एका मिस्त्र्यांना रोजंदारीवर बसवले. हे मिस्त्री जुन्या वळणाचे होते. फेव्हिकॉल बाजारात येऊन चौदा वर्षे झाली असतानाही त्यांचा त्या पांढऱ्या द्रावावर पुरता विश्वास बसला नव्हता, आणि उकळत्या सरसाच्या उग्र दर्पाशिवाय सांधा धरतो हे मान्य करणे त्यांना जड जात होते. पण सरस ढवळत बसण्याचा वेळ वाचतो हे पाहून त्यांनी तह केला. गॅलरीत बसून ते रंधा मारीत तेव्हा सागाच्या कुरळ्या सालींचा खच पडे, आणि त्या आम्ही भावंडे बंबासाठी पोत्यात भरून ठेवीत असू. मला त्या एकोणीस दिवसांतील जे विशेष आठवते ते त्यांचे प्रश्न: “वहिनी, डब्यांची उतरंड केवढी? लोणच्याची बरणी खाली ठेवता की वर? पोरांची दप्तरं कुठं टाकतात?” आईने उत्तरे द्यावीत आणि त्यांनी फळीवर पेन्सिलीने खूण करावी. आपण घर ‘स्वतः’ सजवले असे वडील पुढे अभिमानाने सांगत असत, पण वस्तुतः त्या घराचा सजावटकार, कोणत्याही पदवीवाचून, रोजावर बसलेला तो मिस्त्रीच होता. आणि त्याच्या हातची मांडणी आजतागायत एका सुताने हललेली नाही.

चूक झाली ती जेथे मिस्त्र्याचा अधिकार चालत नव्हता तेथे. स्वयंपाकाचा ओटा गवंड्याचे काम, आणि गवंड्याला मापे देणे हे घरमालकाचे काम. आई तोपर्यंत आयुष्यभर खाली बसून स्वयंपाक करीत आलेली होती; उभ्याने रांधण्याचा ओटा किती उंच असतो याची तिला कल्पना नव्हती, आणि वडिलांना असण्याचे तर कारणच नव्हते. त्यांनी कचेरीतील एका स्नेह्याच्या घरी जाऊन तेथला ओटा टेपने मोजला, तो चौतीस इंच भरला, आणि त्याच मापाचा, काळ्या कडप्प्याचा ओटा आमच्याकडे बांधून घेतला. स्नेह्याची पत्नी चांगली उंचनिंच होती. माझी आई चार फूट नऊ इंच. गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी तिने पानशेतातून वाचलेला तो पाट ओट्यापाशी ठेवला, त्यावर उभी राहिली, आणि पुढील छत्तीस वर्षे दररोज सकाळ-संध्याकाळ त्यावरच उभी राहून तिने स्वयंपाक केला. तिने तक्रार केली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पाट पायाखालून सरकून ती दोनदा पडली, तेव्हा आम्ही पाटाला खाली रबर लावले.

मधल्या काळाविषयी फार लिहावे असे नाही. सनमायका आला, बाहेरच्या खोलीत काचेची शोकेस आली व तीत कधीही न वापरायचा कपबशांचा संच आला, मिस्त्र्यांच्या पिढीनंतर राजस्थानातून आलेले कारागीर फेव्हिकॉलवाल्यांचेच फर्निचरचे चित्रमय पुस्तक काखेत मारून दारी येऊ लागले, आणि ‘वहिनी, बरणी कुठं ठेवता’ या प्रश्नाची जागा ‘साहेब, पान नंबर सांगा’ या प्रश्नाने घेतली. माझ्या मते हा सर्वांत वाईट कालखंड होय. कारण त्यात घरमालक विचार करीत नव्हता, कारागीर विचारीत नव्हता, आणि सगळे मिळून चित्राबरहुकूम वागत होते.

सजावट हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून एव्हाना स्थिरावला होता. इंटिरियर डिझायनरांची अखिल भारतीय संस्था १९७२ सालीच स्थापन झाली होती. परंतु मध्यमवर्गाच्या उंबऱ्यात हे लोक आले ते नव्वदीनंतर, गृहकर्ज सुलभ झाल्यावर आणि नवरा-बायको दोघांनाही सुताराच्या शेजारी बसून राहण्यास सवड उरली नाही तेव्हा. आमच्याकडे २००९ साली मुलाच्या लग्नाआधी एक तरुण सजावटकार बाई आल्या. त्यांच्या कारभारातील दोन गोष्टी मला आजही खटकतात. एक, त्यांनी बैठकीच्या खोलीला प्लास्टरचे खोटे छत घालून मूळचे छत नऊ इंच खाली आणले, आणि ते का, याचे समाधानकारक उत्तर त्यांनी दिले नाही. त्या छताच्या खाचेत लपवलेल्या दिव्यांपैकी निम्मे आज लागत नाहीत व धुळीचा प्रश्न तर झाडूच्या पलीकडे गेला आहे. दुसरी अशी की, बिजागऱ्या, कड्या आणि नळ ज्या दुकानातून घ्यावेत असा त्यांचा आग्रह होता, त्या दुकानातून बिलाच्या रकमेवर त्यांना दस्तुरी मिळत होती, हे मला पुढे तेथील कारकुनानेच, त्यात काही वावगे आहे असे न वाटून, सांगितले. ठरलेला मेहनताना आम्ही चोख दिला होता. तेव्हा ही दुसरी वाट आम्हांस आधी सांगितली असती तर माझी हरकत नव्हती.

असे असूनही मी त्या बाईंना दूषण देऊ धजत नाही. पहिल्याच दिवशी त्या स्वयंपाकघरात शिरल्या, सत्याहत्तर वर्षांची आई पाटावर उभी राहून फोडणी देत होती तिच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या, आणि पिशवीतून टेप काढून म्हणाल्या, “आजी, जरा खाली उतरून हात कोपरात दुमडता का?” कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर त्यांनी मोजले, त्यातून काही इंच वजा केले, आणि तीस असा आकडा वहीत लिहिला. घरातल्या कोणाही माणसाला, मिस्त्र्याला सुद्धा, छत्तीस वर्षांत जे सुचले नव्हते ते त्या परक्या मुलीला अर्ध्या मिनिटात सुचले. तिच्या दृष्टीने आई ही आई नव्हती, ओट्यापाशी उभे राहणारे एक माप होते, आणि म्हणूनच ते माप तिला दिसले. नव्या ओट्यापुढे आई पहिल्यांदा जमिनीवर पाय ठेवून उभी राहिली तेव्हा ती काही बोलली नाही. दोनतीनदा भांडे उचलून खाली ठेवले, आणि पाट धुऊन देवघरापुढे नेऊन मांडला.

पुढची आठ वर्षे तिला त्या ओट्याचे सुख लाभले.

आता पुन्हा वारे फिरले आहे. २०१८ साली हैदराबादेस आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला त्या स्वीडिश दुकानाचे दालन उघडल्यापासून कपाट खोक्यातून आणून स्वतःच पाना फिरवून जोडण्याची हौस तरुण मंडळींत शिरली आहे, आणि आमचे चिरंजीव एक रविवार संपूर्ण खर्ची घालून जे पुस्तकांचे कपाट जोडतात त्याचे एक दार उलटे बसले तरी त्यांच्या मुद्रेवर मला १९७३ सालचे वडील दिसतात. घराची डागडुजी पुन्हा काढायची की नाही, सजावटकार बोलवायचा की नाही, याची चर्चा जेवताना चालू असते. सूनबाई पाच फूट सात इंच आहेत. तीस इंचांच्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटताना त्यांची कंबर धरते, हे त्यांनी बोलून दाखवलेले मी ऐकलेले नाही. पण गेल्या दिवाळीत देवघरापुढला पाट दिसेना म्हणून शोध घेतला, तेव्हा तो गरम पाण्याने घासून, सँडपेपर मारून, ओट्यावर ठेवलेला आढळला, आणि त्याच्यावर पोळपाट होता.